एकही क्लेम नाही

ड्रायव्हरकाकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना अजून ड्रायव्हरकाकाच म्हणायची आणि काकांना ते मनापासून आवडायचं. सगळी नोकरी त्यांनी शहरातली बस चालवली. निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी माईकवरून सांगितलं, की या माणसाच्या नावावर एकही अपघात नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या रांगेतल्या चार ड्रायव्हरांना मात्र हसू आवरेना, कारण तो कोरेपणा कसा राखायचा असतो हे डेपोत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

डेपोत एक पद्धत होती. गाडी कुठे घासली, कोपरा चेपला, तर ती सरळ डेपोत आणायची नाही. डेपोच्या मागच्या गल्लीत एक डेंटिंगवाला बसायचा. आधी त्याच्याकडे न्यायची. तो आतून हातोडी मारून पत्रा सरळ करायचा, वरून रंगाचा हात फिरवायचा आणि पैसे ड्रायव्हर आपल्या खिशातून द्यायचा. संध्याकाळच्या तपासणीत गाडी पास. नोंद नाही, चौकशी नाही, बढती अडत नाही. काकांनीही असे तीन-चार चेप गुपचूप काढून घेतले होते आणि यात काही लबाडी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पत्र्यापुरतं ते खरंही होतं. पत्रा सरळ केला की सरळ होतो, आतून कुजत नाही.

घराचा विमा बँकेनं त्यांच्या गळ्यात मारलेला. कर्ज होतं तोवर तो सक्तीचाच होता. कर्ज फिटलं तेव्हा काकू म्हणाल्या, की आता कशाला हवा तो? पण काकांनी चालू ठेवला, कारण दरवर्षी मुदत संपत आली की कंपनीचा कागद यायचा आणि त्यात एक ओळ असायची: या घरावर आजवर एकही क्लेम नाही, म्हणून हप्त्यात सूट. ती सूट वर्षागणिक वाढत गेली होती. काका चष्मा लावून ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवायचे. काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या, की तुम्हाला घर आणि बस यांतला फरक अजून कळलेला नाही. काका हसायचे आणि ओळ पुन्हा एकदा वाचायचे.

घर तळमजल्यावर, छोटंसं. मागच्या खोलीत दोघं झोपायचे. त्या खोलीची एक भिंत न्हाणीघराला लागून होती आणि काकूंची खाट त्याच भिंतीला टेकवलेली, कारण खिडकीकडच्या बाजूला त्यांना वारा बाधायचा. काकूंना लहानपणापासून दमा होता, पण बेताचा. वर्षातून एखाद-दोनदा उचल खायचा, मग निमूट बसायचा.

एका दुपारी जेवून दोघं जरा आडवे झाले होते, तेवढ्यात भिंतीच्या आत फाटकन काहीतरी वाजलं. काकूंच्या खाटेखालून पाणी यायला लागलं. काकांनी धावत जाऊन मुख्य कॉक बंद केला, पण तोवर खोलीभर पाणी झालं होतं. हाताला येईल ती चादर, टॉवेल, जुनं लुगडं घेऊन दोघांनी ते टिपून काढलं. काकूंना धाप लागली, तरी त्या उठेनात. पाणी आणखी मुरायच्या आत निघालं पाहिजे, एवढंच म्हणत राहिल्या.

प्लंबर संध्याकाळी आला. बडबड्या पण कामाचा माणूस. भिंतीला कान लावला, दोन-तीन ठिकाणी टकटक केलं आणि म्हणाला, की पाइपाचा जोड तुटलाय. तो बदलणं सोपं आहे, एक भोक पाडलं की झालं. पण पाणी भिंतीत शिरलंय, त्याचं काय? गिलावा उतरवावा लागेल, आतून सुकवायचं मशीन लावावं लागेल, तेही चांगले काही आठवडे. मग त्यानं विचारलं, की घराचा विमा आहे का? पाइप असा अचानक फुटला तर विमा मिळतो, आजच फोन करा, असं तो जाताना दोनदा बजावून गेला.

काकांनी फोन केला. पलीकडे एक मुलगी होती. काकांनी आधीच सांगून टाकलं, की मी क्लेम करत नाहीये, नुसतं विचारतोय. क्लेम केला तर पुढच्या वर्षी काय होईल? मुलीनं नीट समजावून सांगितलं. इतक्या वर्षांची सूट जाईल. वर मूळ हप्ताही थोडा वाढेल, कारण ज्या घरात एकदा पाइप फुटला तिथं तो पुन्हा फुटू शकतो असं कंपनी धरून चालते. तीन-चार वर्षं तो डाग राहील, मग हळूहळू सूट पुन्हा चढेल. तिनं अंदाजे आकडाही सांगितला. शेवटी ती म्हणाली, की किरकोळ नुकसान असेल तर बरेच लोक स्वतःच भागवतात, पण पाण्याचं असेल तर थांबू नका, नंतर अडचण होते. हे शेवटचं काकांच्या कानांवर पडलं, पण आत गेलं नाही. ‘डाग’ हा शब्द ऐकला तेव्हाच त्यांचं ठरून गेलं होतं.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"परवडायचं नाही."

"किती वाढेल?"

"खूप," काका म्हणाले.

काकूंनी पुढे विचारलं नाही. पैशाअडक्याचं सगळं काकांकडे असायचं. स्टिअरिंग तुमच्या हातात, मी आपली मागच्या सीटवर, असं काकू गमतीनं म्हणायच्या. काकांनी त्यांना समजावलं, की विमा काय असल्या फुटकळ कामासाठी असतो? उद्या आग लागली, छप्पर कोसळलं, तर तेव्हा करू की क्लेम. तोवर कोरं असू दे.

आता बघा, ‘खूप’ म्हणताना काकांना खोटं बोलायचं नव्हतं. त्या आकड्याची त्यांना भीती वाटलीच नव्हती. त्यांची जी सूट जाणार होती ती पैशांत मोजताच येत नव्हती. पण हे बायकोला कसं सांगणार? म्हणून त्यांनी एका शब्दात विषय संपवला. एवढ्या एका शब्दानं पुढे काय काय होणार होतं, हे त्या घटकेला त्यांना कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

प्लंबरनं जोड बदलला, भोक बुजवलं आणि मान हलवत गेला. काकांनी जेमतेम आठवडा जाऊ दिला आणि स्वतःच रंगाचा डबा आणला. दोन हात मारले. भिंत नव्यासारखी दिसायला लागली. काकूंनी तिच्यावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, की गार लागतेय हो. काका म्हणाले, भिंत गारच असते.

मग फुगे आले. रंगाखाली वाटाण्याएवढे, पुढे तळहाताएवढे. काका ते खरवडायचे आणि वर पुन्हा रंग द्यायचे. मग कोपऱ्यात काळे ठिपके आले. काका ते औषध घातलेल्या पाण्यानं पुसायचे, पंधरवड्यात ते पुन्हा हजर. शेवटी काकांनी कपड्यांचं कपाट ढकलत ढकलत त्या जागी आणून लावलं. खोलीला एक आंबूस वास यायला लागला होता, पण तो काकांच्या अंगवळणी पडला. काकूंच्या पडला नाही. त्यांचा खोकला आधी सकाळपुरता होता. मग दिवसभर राहायला लागला. बोलता बोलता त्यांचं वाक्य मधेच तुटायचं आणि काका ते पुरं करायचे, बरेचदा चुकीचं.

डॉक्टरांनी छाती तपासली, औषध वाढवून दिलं आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "घरात कुठे ओल आहे? भिंतीला बुरशी वगैरे?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "नाही."

ते का तसं म्हणाले, हे त्यांना नंतर किती वेळा स्वतःला विचारावं लागलं. डॉक्टर काही कंपनीचे नव्हते. पण ओल आहे म्हटलं असतं तर भिंत फोडायला निघाली असती, भिंत फोडायची तर क्लेम आला असता, आणि इतका उशीर का केला असंही कुणीतरी विचारलं असतंच. चेप दिसला की तो काढायचा, साहेबांच्या नजरेस पडू द्यायचा नाही, ही हाताला लागलेली सवय तोंडालाही लागली होती. काकूंनी मान खाली घातली आणि स्वतःच्या बांगड्या मागेपुढे करत बसल्या. काकूंचंही हेच म्हणणं असावं, असं काकांनी सोयीनं धरून घेतलं.

त्यानंतर महिनाभरात काकूंना दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथं त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. काकूंची धाकटी बहीण धावत आली. पहिला दिवस ती ताईपाशी बसून राहिली. मग ताईचे कपडे आणायला म्हणून काकांच्या घरी गेली, आणि तिनं ते कपाट उघडलं. परत आली ती रागानं लाल होऊन. काकांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "भावजी, ताईच्या कपड्यांना सुद्धा बुरशी आलीय. मी तिला त्या खोलीत परत पाठवणार नाही." घरी सोडलं त्या दिवशी काकू सरळ बहिणीकडे गेल्या. जाताना काकांना एवढंच म्हणाल्या, की भिंतीचं काय ते करा, मग येते.

काका रोज बहिणीकडे चक्कर मारायला लागले. तिथं खोलीत ऊन यायचं. काकू खुर्चीत बसून सलग बोलायच्या, पुरी वाक्यं बोलायच्या, हसायच्याही. इतके दिवस आपण त्यांचं पुरं वाक्य ऐकलंच नव्हतं, हे काकांना तिथं बसल्यावर कळलं. आनंद व्हायचा आणि मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं. घरी येऊन ते एकटे जेवायचे, आणि पुढच्या खोलीतच पथारी पसरायचे.

एक दिवस त्यांनी मनाचा हिय्या केला आणि कपाट ओढून बाजूला घेतलं. मागची भिंत काळी पडली होती. त्यांनी बोट लावलं, तर गिलाव्याचा ढलपा हातात आला, मागून दुसरा आपोआप पडला. काका काकूंच्या खाटेवर बसले. जिथं त्या डोकं ठेवायच्या तिथून ती भिंत वीतभर लांब होती. ही बाई आपल्याकडे परत यायला हवी असेल तर ही भिंत गेली पाहिजे, एवढं त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. त्यांनी उठून कंपनीला फोन लावला आणि क्लेम नोंदवला.

प्लंबरला कळलं तेव्हा तो खास सांगायला आला, की तारीख खरी सांगू नका, काका. पाइप गेल्या आठवड्यात फुटला म्हणा. तुटका जोड माझ्याकडे पडलाय, मी साक्ष देतो.

कंपनीची सर्व्हेअर आली. तिशीतली, शांत. भिंतीत दोन टोकांचं एक यंत्र टोचून तिनं ओल मोजली, खाट बघितली, न्हाणीघर बघितलं आणि मग विचारलं, की पाइप कधी फुटला? काकांचं तोंड उघडलं. ‘गेल्या आठवड्यात’ हे शब्द जिभेवर तयार होते. पण ते बाहेर पडेनात. कंपनीपुढे काकांना खोटं बोलवेना, आणि डॉक्टरांपुढे मात्र बोलवलं होतं, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. फोन केला होता तेही सांगितलं, रंग दिला तेही.

सर्व्हेअरनं सुस्कारा टाकला. ती म्हणाली, "काका, तेव्हाच कळवलं असतंत तर ही सगळी भिंत आम्ही करून दिली असती. अचानक फुटलं ते विम्यात बसतं. साठून साठून मुरलं ते नाही बसत." तिला वाईट वाटलं असावं, कारण जाताना तिनं काकूंची चौकशी केली.

क्लेम नामंजूर झाला. आणि वर्षाच्या शेवटी कंपनीचा कागद आला त्यात सूट नव्हती, हप्ता चढलेला होता. काकांनी फोन करून विचारलं, की तुम्ही मला एक पैसा दिला नाहीत, मग वाढ कसली? उत्तर मिळालं, की पैसे दिले न दिले, घटना तर घडली ना, ती नोंदली जाते. आधीचे काका असते तर कडाकडा भांडले असते. आता ते बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी हप्ता भरला. आजारपणासाठी बाजूला ठेवलेली ठेव मोडली, प्लंबर आणि गवंडी लावून भिंत विटांपर्यंत उकलून घेतली आणि सुकवायचं मशीन भाड्यानं आणलं. मशीन दिवसभर घूं घूं करायचं. काका त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे.

विटा बऱ्यापैकी कोरड्या झाल्या तेव्हा त्यांनी काकूंना बघायला बोलावलं. धाकटीनं त्यांना दाराशी आणून सोडलं, तासाभरात येते म्हणाली, आत काही आली नाही. काकू नाकाला पदर लावून मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. काकांनी मशीन बंद केलं. खोलीत नुसत्या लाल विटा आणि खाली रेती. काकूंनी वाकून विटेवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

काकांनी त्यांना सगळं सांगितलं. क्लेम नाकारला, ठेव मोडली, आणि इतकं होऊन हप्ता वाढला तो वाढलाच. आता आपल्याला चार शब्द ऐकावे लागणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ती बोलणी खाल्ली की सगळं मोकळं होईल आणि काकू परत येतील, असंच त्यांना वाटत होतं.

"हप्ता कितीनं वाढला?" काकूंनी विचारलं.

काकांनी वर्षाचा आकडा सांगितला.

काकूंनी नाकावरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे महिन्याला किती?"

"महिन्याला," काका म्हणाले, "पेपरचं बिल येतं ना आपल्याला, तेवढे. थोडे जास्त."

"फोनवरच्या मुलीनं तेव्हा हाच आकडा सांगितला होता?"

"साधारण हाच."

"एवढाच?"

काकूंनी पदर नाकावरून काढला होता, आणि त्यांचा चेहरा काकांना नीट दिसत होता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, घर विकायला लागेल," काकू म्हणाल्या. "तुम्ही ‘खूप’ म्हणालात ना. मी कधी विचारलं नाही परत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बोलणारच होते, अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, मी बोलले आणि या माणसाचं घर गेलं तर? खोकला काय, करू सहन. दवाखान्यात नळी लावली तेव्हासुद्धा मी हाच विचार करत होते, की घर तरी राहिलं."

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात काका जेव्हा जेव्हा असं म्हणाले होते, तेव्हा काकूंनी ‘जाऊ द्या हो’ म्हटलं होतं. काका त्या शब्दांची वाट बघत उभे राहिले. काकू विटांकडे बघत होत्या. मग त्यांनी हात झटकला, तळव्याला लागलेली लाल माती पुसली आणि विचारलं, की अजून किती दिवस लागतील सुकायला? काका म्हणाले, महिनाभर तरी. काकू म्हणाल्या, की घाई करू नका. मला तिकडे बरं आहे.

बाहेर धाकटीच्या गाडीचा हॉर्न वाजला. काका त्यांना सोडायला अंगणात आले. खोलीतल्या धुळीनं असेल किंवा आणखी कशानं, काकूंना फाटकापाशी खोकल्याची जोराची उबळ आली आणि त्या वाकल्या. काकांनी आधाराला हात पुढे केला. काकूंनी फाटकाचा गज धरला, आणि खोकला थांबेपर्यंत तो धरून तशाच उभ्या राहिल्या.